रोजचें लेखन आणि मंडळींचा आधार

लेखनाची हौस असणारीं माणसें समाजांत पुष्कळ असतात. लेखनाचा नेम असणारीं फार थोडीं. सुशिक्षित घरांतून अशी एखादी तरी व्यक्ति बहुधा आढळते, कीं जिच्या मनांत एखादी कादंबरी, आजोळच्या आठवणींचें पुस्तक किंवा निदान वडिलांचें लहानसें चरित्र कित्येक वर्षें घोळत आहे. वेळ मिळत नाहीं, ही सबब सर्वांच्याच परिचयाची आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर हवा तितका वेळ मिळूनही तें पुस्तक बहुधा लिहिलें जात नाहीं, यावरून ती सबब खरी नव्हे हें उघड होतें. उणीव असते ती वेळेची नसून बैठकीची. ही बैठक एकट्यानें साधावी, कीं चार समानधर्म्यांच्या संगतीनें ती अधिक सुलभ होते, हा प्रश्न जुना आहे; आणि अलीकडे आपल्याकडेही 'रोज एक पान' अशा तऱ्हेचे नेम फोनवरील गटांतून चालूं लागल्यामुळें तो केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. या प्रश्नाचा एक फार मोठा प्रयोग अमेरिकेंत पंचवीस वर्षें चालला आणि २०२५ सालीं संपला. त्याच्या गुणदोषांचें विवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा प्रयोग 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ', म्हणजे राष्ट्रीय कादंबरीलेखन-मास, अशा भारदस्त नांवाचा होता; त्याचें लाडकें, आंखूड नांव 'नॅनोरायमो'. १९९९ सालच्या जुलै महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत ख्रिस बेटी नांवाच्या तरुण लेखकानें आपले स्नेही जमवून एकवीस जणांनिशीं त्याचा आरंभ केला. महिनाभरांत प्रत्येकानें पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहावयाची, हा मुख्य नियम. हा आंकडा कोणत्याही साहित्यशास्त्रांतून निघालेला नव्हता. बेटी यानें आपल्या फळीवरील त्यांतल्या त्यांत आंखूड कादंबरी, हक्स्लेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', हातांत घेऊन शब्दांचा अदमास केला, एवढेंच. दुसऱ्या वर्षीं, हवा वाईट असली म्हणजे माणसें घरांत बसतात या हिशेबानें, नोव्हेंबर महिना मुक्रर झाला आणि सभासदांची संख्या १४० वर गेली. तिसऱ्या वर्षीं ती पांच हजारांच्या घरांत पोहोंचली. आणि २०१० सालीं दोन लाखांवर माणसें या नेमास बसलीं.

तीस दिवसांत पन्नास हजार म्हणजे रोजचे १,६६७ शब्द होतात. नोकरी, मुलेंबाळें आणि स्वयंपाकपाणी संभाळून एवढें लिहिणें ही सोपी गोष्ट नव्हे. ती साधावी म्हणून संस्थेनें इंटरनेटवर सर्व सोय केली होती. सभासदानें आपल्या त्या दिवसाच्या शब्दांची संख्या संकेतस्थळावर भरावी, तिचा आलेख चढतांना पाहावा, अडले-नडलेल्यांनीं चर्चेच्या जागेंत आपलें गाऱ्हाणें मांडावें आणि इतरांनीं त्यांस धीर द्यावा, अशी ही व्यवस्था होती. गांवोगांवचे स्वयंसेवक ग्रंथालयांत अथवा कॉफीच्या दुकानांत बैठका भरवीत. अनोळखी माणसें एका मेजाभोंवतीं बसून मुकाट्यानें लिहीत. तीस नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत ज्याचा आंकडा भरला तो विजयी. स्पर्धा म्हणावी तर ती ज्याची त्याच्याशींच. परीक्षक नाहीं, बक्षीस नाहीं, हातीं यावयाचें तें एक प्रशस्तिपत्र. आणि एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी: लिहिलेली कादंबरी संस्थेंत कोणी वाचीत नसे.

या उपक्रमामागील विचारसरणी बेटी यानें २००४ सालीं 'नो प्लॉट? नो प्रॉब्लेम!' या पुस्तकांत मांडली. पुस्तक खेळकर आहे आणि त्याचा रोख सरळ आहे. होतकरू लेखकाचा खरा वैरी म्हणजे त्याच्याच मनांत बसलेला चिकित्सक संपादक. त्यास महिनाभर कोंडून ठेवावा, मुदतीचा बडगा डोक्यावर घ्यावा, आणि बरें-वाईट न पाहतां पुढें चालत राहावें. पहिला खर्डा वाईटच असावयाचा, परंतु न लिहिलेल्या खर्ड्यास सुधारतां येत नाहीं, हें त्याचें सार. यांतील शेवटचें विधान आम्हांस निर्विवाद वाटतें. वर्गांत निबंध लिहून घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकास हा अनुभव आहे, कीं ज्याचें पहिलें वाक्य निर्दोष झाल्यावांचून दुसरें उतरत नाहीं, तो विद्यार्थी तास संपेपर्यंत त्या पहिल्याच वाक्याशीं झुंजत राहतो.

या उपक्रमावर टीकाही झाली. २०१० सालीं लॉरा मिलर या अमेरिकन समीक्षक बाईंनीं, जगांत लिहिणारे उदंड झाले असून वाचणारेच कमी पडत आहेत, तेव्हां कादंबरी लिहूं नये हेंच बरें, अशा आशयाचा सडेतोड लेख लिहिला. या आक्षेपांत तथ्य असलें, तरी तो एकांगी आहे. जो स्वतः चार पानें लिहून पाहतो, त्यास दुसऱ्याच्या चार पानांची किंमत कळते. गाणें शिकणाऱ्यांमुळें मैफलीचे श्रोते कमी होत नाहींत, वाढतातच. हौशी लेखनाचा उपहास करण्यांत आम्हांस कांहीं पुरुषार्थ वाटत नाहीं. आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणीं आहे. परंतु तो मांडण्यापूर्वीं या नेमाच्या बाजूनें जें बोलतां येईल तें सर्व बोलून घेणें न्यायाचें होईल.

प्रतिभा ही लहरी देवता असून तिची वाट पाहावी लागते, ही समजूत आपल्याकडे अजून दृढ आहे. तिला पहिला मोठा धक्का इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप याच्या आत्मचरित्रानें दिला. तें त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. टपालखात्याची नोकरी संभाळून लेखनास लागलेल्या या गृहस्थानें एकंदर सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहांटे साडेपांचास तो मेजावर बसे. वेळेवर उठवावयास एका जुन्या नोकराला सालीना पांच पौंड जादा देई. आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांस अडीचशें शब्द असा हिशेब ठेवी. ही कबुली वाचून रसिकांस धक्का बसला आणि त्याची प्रतिष्ठा कांहीं काळ खालावली. परंतु त्याच्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात, हें त्या रसिकांस मिळालेलें पुरेसें उत्तर आहे.

अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांचा कौलही नेमाच्याच बाजूचा आहे. अमेरिकेंत रॉबर्ट बॉइस यांनीं लेखन अडलेल्या सत्तावीस अध्यापकांचे तीन गट करून १९८३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटास लेखन टाळावयास सांगितलें होतें. दुसऱ्यास लहर येईल तेव्हां लिहिण्याची मुभा होती. तिसऱ्यानें ठरलेलें लेखन केलें नाहीं, तर त्याला नावडत असलेल्या एखाद्या संस्थेच्या नांवें त्याचा चेक रवाना व्हावयाचा होता. लेखन अर्थातच तिसऱ्या गटाचें अधिक झालें. परंतु नव्या कल्पनाही त्याच गटास अधिक सुचल्या, हें विशेष. लहरीनें लेखन होतें यापेक्षां लेखनानें लहर येते, हेंच अधिक खरें. हौशी लेखकास असला चेक लिहून देण्याची गरज नाहीं. चार ओळखीचीं माणसें आज आपला आंकडा पाहतील, एवढी भीडही पुरते. मंडळींच्या आधाराचें मर्म या भिडेंत आहे. त्याहूनही मोठा लाभ असा, कीं संसाराच्या रगाड्यांत ज्यांच्या लेखनास घरचीं माणसें 'रिकामपणचा उद्योग' म्हणतात, त्यांना 'मी लिहीत आहें' हें मोकळेपणीं म्हणावयास अशा मंडळांत जागा मिळते. विशेषतः गृहिणींच्या बाबतींत ही परवानगी कोणत्याही उपदेशाहून मोलाची असते.

मात्र तीस दिवसांत सवय जडते हें म्हणणें टिकणारें नाहीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली आणि त्यांचे सहकारी यांनीं ९६ व्यक्तींच्या खाण्यापिण्याच्या व व्यायामाच्या नव्या संवयींचें निरीक्षण करून २०१० सालीं जे निष्कर्ष छापले, त्यांत सवय अंगवळणीं पडण्याची मध्यम मुदत ६६ दिवसांची निघाली. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज आला. त्यांतच असेंही दिसून आलें, कीं मधला एखादा दिवस चुकल्यानें फारसें नुकसान होत नाहीं. नोव्हेंबरच्या व्रताची रचना याच्या उलट होती. एक दिवस चुकला कीं दुसऱ्या दिवशीं ३,३३४ शब्दांचें ओझें डोक्यावर येई. आणि डिसेंबरच्या एक तारखेस, सवय रुजावयाच्या ऐन वेळीं, मंडळींचा गजबजाट ओसरे. सण आणि सवय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सणानें उत्साह येतो. सवय साध्या, कोणी न पाहिलेल्या दिवसांनीं बनते.

आतां आमच्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. आपल्याकडे चातुर्मासांत लाख वेळां रामनाम लिहिण्याचा नेम करणारे भाविक आहेत. तेथें गणती हेंच योग्य माप आहे. कारण काय लिहावयाचें तें आधींच ठरलेलें असून, लिहिणाऱ्याचें चित्त स्थिर व्हावें एवढाच हेतु असतो. कादंबरीची गोष्ट अशी नाहीं. तेथें पुढचा शब्द कोणता, हाच सगळा प्रश्न आहे. ज्या मंडळास शब्द मोजतां येतात परंतु वाचतां येत नाहींत, तें मंडळ लेखकास आसनावर बसवील. त्याच्या लेखनाचें पुढें काय करावें, हें मात्र त्यास सांगतां येणार नाहीं. ट्रोलोपचें उदाहरण देणारे त्याच्या घड्याळाची गोष्ट सांगतात आणि दुसरी विसरतात. रोज लेखणी उचलण्यापूर्वीं आदल्या दिवसाचें लेखन तो अर्धा तास वाचून पाही आणि शब्दांचा नाद कानानें पारखी. म्हणजे तीन तासांच्या बैठकीपैकीं एक षष्ठांश वेळ त्यानें वाचनास दिला होता. मोजणारा आणि वाचणारा हे दोघेही त्याच्या ठिकाणीं एकत्र नांदत होते. नोव्हेंबरच्या प्रयोगांत पहिला राहिला आणि दुसऱ्यास कोंडून ठेवण्यांत आलें.

या व्रतांतून निघालेल्या पुस्तकांचाच इतिहास पाहिला तरी हें पटेल. सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' (२००६) आणि एरिन मॉर्गेनस्टर्न यांची 'दि नाइट सर्कस' (२०११) या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे नोव्हेंबरांत झाले, हें अभिमानानें सांगितलें जाई. परंतु 'दि नाइट सर्कस'चा मजकूर एका नव्हे तर एकाहून अधिक नोव्हेंबरांत सांचला; पुढें चिकित्सक वाचकांच्या सूचनांवरून तो पुन्हां पुन्हां लिहावा लागला; आणि जिच्यावांचून त्या कथेची आज कल्पनाही करवत नाहीं, ती नायिका सीलिया आरंभींच्या खर्ड्यांत नव्हतीच. आंकड्यानें सर्कशीचे तंबू उभे केले. त्यांतलें माणूस वाचनानें आणि पुनर्लेखनानें आलें.

संस्थेचा शेवटही या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे. २०२३ च्या अखेरीस अल्पवयीन सभासदांच्या सुरक्षिततेविषयीं तक्रारी पुढें येऊन चर्चेच्या जागा बंद कराव्या लागल्या. २०२४ च्या सप्टेंबरांत, लेखनासाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांचा उपयोग करण्यास आपला विरोध नाहीं आणि पाठिंबाही नाहीं, मात्र त्यांचा सरसकट निषेध करण्यांत गरीब व अपंग यांच्याविषयींचा दुजाभाव आहे, असें संस्थेनें जाहीर केलें. त्यावर मोठा क्षोभ होऊन तिच्या लेखक-मंडळावरील कांहीं नामवंतांनीं राजीनामे दिले. आणि ३१ मार्च २०२५ रोजीं, मुख्यतः पैशाच्या अडचणीमुळें, संस्था बंद होत असल्याचें सांगण्यांत आलें. पुष्कळांस त्या यंत्राविषयींच्या भूमिकेचें आश्चर्य वाटलें. आम्हांस वाटत नाहीं. केवळ संख्येनें मोजतां येईल अशी गोष्ट यंत्र माणसाहून लवकर पुरवितें. पन्नास हजार शब्द हेंच जर साध्य, तर ते यंत्राकडून घेऊं नयेत असें सांगण्यास त्या नियमांत आधार कोठें होता? आधार एकच असूं शकला असता: हे शब्द कोणी तरी वाचणार आहे, आणि ते अमक्या माणसाचे आहेत म्हणून वाचणार आहे.

हाच प्रश्न आपल्या वाङ्मयाच्या इतिहासास विचारून पाहूं. मंडळींवांचून लेखन होतच नाहीं असें मुळींच नाहीं. लोकमान्यांनीं 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगांत १९१० च्या नोव्हेंबरांत लिहावयास घेतलें आणि १९११ च्या मार्चअखेर, म्हणजे सुमारें पांच महिन्यांत, पुरें केलें. तेथें ना मंडळ ना श्रोता. हातांत शिसपेन्सिल आणि पुढें बांधलेल्या वह्या. परंतु त्या पांच महिन्यांमागें कित्येक वर्षांचें चिंतन उभें होतें. सामान्य लेखकानें त्या वेगाचा दाखला स्वतःस लावूं नये.

मुदतीचा आधार काय करतो, तें हरिभाऊ आपट्यांच्या उदाहरणावरून दिसतें. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि १९१७ पर्यंत चालविलें. 'पण लक्षांत कोण घेतो' त्यांतून आठवड्या-आठवड्यानें वाचकांपुढें आली. पुढचें प्रकरण कधीं येतें म्हणून घरोघर वाट पाहणारे वाचक हेंच हरिभाऊंचें मंडळ होतें. आणि तें मोजणारें नसून वाचणारें होतें. याच पद्धतीमुळें त्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ शिरला आणि कांहीं कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेंही नाकारतां येत नाहीं. मुदत लेखकास चालवितें. कोठें थांबावें तें शिकवीत नाहीं.

लेखकांनीं लेखकांसाठीं चालविलेल्या मंडळाचें आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे १९२३ सालीं पुण्यांत निघालेलें रविकिरण मंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे प्रभृति मंडळी रविवारीं चहाच्या निमित्तानें जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. कोणी किती ओळी लिहिल्या हा तेथें प्रश्न नव्हता. ओळ कशी उतरली, हा होता. मराठी कविता सभेंत म्हणून दाखविण्याची आवड पसरली, तींत या बैठकींचा वांटा मोठा आहे. या मंडळासही दोष जडले. आपसांतील कौतुकानें कांहीं लकबी सर्वांच्याच अंगवळणीं पडल्या; आणि १९२५ सालीं अत्र्यांच्या 'झेंडूचीं फुलें' या विडंबनसंग्रहानें त्यांवर महाराष्ट्रास हंसविलें. तें हंसणें बोंचलें तरी उपयोगाचें होतें. ऐकणाऱ्या मंडळासही बाहेरच्या कानाची गरज असते, हा त्याचा अर्थ.

आणि मंडळ मोठें असावें लागतें असेंही नाहीं. लक्ष्मीबाई टिळक कोणत्याही शाळेंत गेल्या नव्हत्या. टिळकांच्या चरित्रासाठीं आठवणी लिहून द्या, असा चिरंजीव देवदत्त यांनीं आग्रह धरला, आणि त्यांतून 'स्मृतिचित्रें' जन्मास आलीं. पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें काय झालें, हें मनापासून विचारणारें एक माणूस घरांत होतें, आणि त्यामुळें मराठीला एक अक्षय ग्रंथ लाभला.

यावरून आमचें मत थोडक्यांत असें आहे. रोजच्या लेखनाचा नेम करूं इच्छिणाऱ्यानें मंडळ अवश्य शोधावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु मंडळांत शिरण्यापूर्वीं त्यानें तीन गोष्टी पाहाव्या. तें मंडळ आठवड्यांतून एकदां तरी एकमेकांचें लेखन वाचतें, कीं नुसते आंकडे गोळा करतें? चुकलेल्या दिवसाबद्दल तें सभासदास लाजवितें, कीं दुसऱ्या दिवशीं थोडक्यावर पुन्हां बसवितें? आणि मंडळ उद्यां मोडलें तर त्याची बैठक टिकेल, अशी तयारी तें करून घेतें काय? अमेरिकेंतील त्या संस्थेनें लाखों माणसांच्या हातांत लेखणी दिली, हें तिचें पुण्य लहान नाहीं. २०२५ नंतर त्यांपैकीं जे आपल्या मेजावर एकटे बसून लिहीत असतील, त्यांनींच तिचा खरा लाभ घेतला असें म्हणावें लागेल.

ज्यांना असें मंडळ मिळत नाहीं, त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. रोज अर्धें पान लिहावें, लिहिण्यापूर्वीं कालचें अर्धें पान मोठ्यानें वाचावें, आणि आठवड्याचें लेखन रविवारीं जेवणें झाल्यावर घरांतील एखाद्या माणसास ऐकवावें. तें माणूस टीकाकार नसलें तरी चालेल. कंटाळा आला तर तसें तोंडावर सांगणारें असावें. आणि ज्या घरांत आई किंवा आजोबा असें कांहीं लिहीत असतील, तेथील मंडळींनीं 'किती पानें झालीं?' हा प्रश्न बाजूस ठेवून 'आज काय लिहिलें, वाचून दाखवा' एवढें म्हणावें. तसें म्हणणारें माणूस न मिळाल्यामुळें कित्येक आठवणी त्या त्या माणसांबरोबरच गेल्या आहेत.